घोळणा, कांदा आणि घड्याळ

लहान मुलाच्या नाकातून रक्त आले की घरातल्या वडीलधाऱ्यांचा निकाल तयार असतो : उष्णता झाली. निकालाची अंमलबजावणीही ठरलेली. कांदा फोडून नाकाशी धरायचा, टाळूवर गार पाणी ओतायचे, मान मागे टाकून पोराला आडवे करायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे, ‘थांबलं ना?’ थांबलेले असते. मग दोन दिवस सब्जाचे पाणी, चमचाभर गुलकंद, शेंगदाणे-गूळ बंद, आणि विषय संपला. बेळगावच्या सीमाभागात येळ्ळूरपासून निपाणीपर्यंत आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजकडेही मराठी घरातला हा क्रम फारसा बदलत नाही. माझा आक्षेप त्या कांद्यापेक्षा त्या प्रश्नावर आहे. ‘थांबलं ना?’ एवढे विचारणे बहुतेक मुलांच्या बाबतीत पुरते. पण ज्या एखाद्या मुलाच्या बाबतीत ते पुरत नाही, नेमका त्याच्याच घरच्यांना हा प्रश्न फसवतो. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलाचे नाकातले रक्त पुष्कळदा थांबते, किंवा थांबल्यासारखे दिसते. घरचे निर्धास्त होतात ते त्या थांबण्यावर विसंबून. विचारायला हवे ते वेगळेच : किती मिनिटांनी थांबले, आणि पुन्हा कधी सुरू झाले?

समोरच्यांचे म्हणणे आधी नीट मांडले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. मुलांच्या नाकातून रक्त येणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. बालरोगशास्त्रात वर्षानुवर्षे दिला जाणारा आकडा असा की पाच वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के मुलांना आणि सहा ते दहा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांना हा अनुभव एकदा तरी येतो. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागात, बोट सहज पोहोचेल अशा जागी, अनेक रक्तवाहिन्यांची टोके एकत्र येऊन त्यांचे जाळे झालेले असते आणि त्यावरचे आवरण अतिशय पातळ असते. मुलांचे बहुतेक रक्त तिथूनच येते. हवा कोरडी झाली की हे आवरण सुकते, खपली धरते, पोर ती खपली नखाने काढते आणि घोळणा फुटतो. उन्हाळ्यात हे अधिक दिसते हे आजीचे निरीक्षण म्हणूनच चुकीचे नाही. चुकते ते कारण. अंगात साठलेली कसलीशी ऊब नाकावाटे बाहेर पडत नसते. थंडीच्या कोरड्या वाऱ्यातही, सर्दीतही, तंबाखूच्या किंवा मळणीच्या धुळीनेही हेच होते. बहुतेक मुलांच्या बाबतीत निदान चुकले तरी नुकसान काहीच होत नाही, कारण दहा मिनिटांत रक्त आपले आपण थांबते. तरीही प्रतिवाद करावासा वाटतो, कारण जो उपाय नेहमीच यशस्वी होताना दिसतो त्याच्यावर कुणी शंका घेत नाही आणि अपवादाचे मूल त्या यशाच्या आड दडून राहते.

ते का दडते, हे समजण्यासाठी रक्त थांबते कसे ते पाहावे लागेल. भाताच्या खाचराचा बांध फुटला की शेतकरी आधी हाताला येईल तो पेंढा भगदाडात कोंबतो आणि मग त्यावर चिखल लिंपून दाबतो. पेंढ्याने पाणी तात्पुरते अडते. बांध टिकतो तो चिखलाने. शरीरही याच क्रमाने काम करते. रक्तवाहिनी फुटताच प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म पेशी तिथे धावतात आणि बूच तयार करतात. हा झाला पेंढा. त्यानंतर रक्तातली एकेक प्रथिने साखळीसारखी जागी होतात आणि शेवटी फायब्रिनचे चिवट जाळे विणून ते बूच घट्ट करतात. या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना रोमन क्रमांक आहेत. आठवा फॅक्टर कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर हिमोफिलिया बी. फॅक्टरचे प्रमाण सर्वसाधारण माणसाच्या एक टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र, एक ते पाच टक्के असेल तर मध्यम, पाच ते चाळीस टक्के असेल तर सौम्य समजतात. मुद्दा असा की हिमोफिलियात पेंढा शाबूत असतो, चिखल नसतो. त्यामुळे छोट्या जखमेचे रक्त सुरुवातीला बऱ्यापैकी वेळेवर थांबू शकते. कांद्याला श्रेय मिळते. काही तासांनी, कधी मध्यरात्री, कधी दुसऱ्या दिवशी शिंक आल्यावर ते कच्चे बूच निसटते आणि रक्त पुन्हा सुरू होते. घरच्यांना वाटते, उष्णता फारच झाली आहे. पुन्हा कांदा, पुन्हा तात्पुरता विराम, पुन्हा श्रेय. आजार जितका खरा, तितका उपायाच्या यशाचा पुरावा वाढत जातो, आणि घरच्यांना आजार सोडून उपायच पटत जातो.

हा भ्रम खेड्यातल्या अडाणीपणाचा आहे असे कुणाला वाटत असेल तर त्याने रशियाच्या राजवाड्यात डोकावावे. झार दुसरा निकोलस याचा मुलगा अलेक्सेई हिमोफिलियाग्रस्त होता; त्याच्या अस्थींवरील जनुकीय तपासणीतून तो बी प्रकारचा होता हे २००९ मध्ये स्पष्ट झाले. १९१५ च्या डिसेंबरात, अकरा वर्षांचा असताना, वडिलांबरोबर आघाडीकडे जाताना त्याला सर्दी झाली आणि जोराच्या शिंकांनी नाकातून रक्त सुरू झाले. ते काही केल्या थांबेना, तेव्हा गाडी मागे फिरवावी लागली. राजवाड्यात आणल्यावर डॉक्टरांनी फुटलेली रक्तवाहिनी डाग देऊन बंद केली. पण राणीने श्रेय दिले ते रास्पुतिन या गूढवादी साधूच्या प्रार्थनेला. मुलाचे स्विस शिक्षक पिएर जिलियार यांनी आपल्या आठवणींत हे नोंदवले आहे. झारच्या घरी कांद्याच्या जागी रास्पुतिन होता, एवढाच फरक. युरोपातली उत्तम शिकलेली राणी ज्या तर्कदोषात सापडली त्यात येळ्ळूरची एखादी आजी सापडली तर तिला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. दोघींचा प्रश्न तोच होता, ‘थांबलं ना?’, आणि जो त्या क्षणी जवळ उभा होता त्याच्या पदरात यश पडले.

घरगुती क्रमातली एक कृती मात्र निरुपद्रवी म्हणून सोडून देता येत नाही : मान मागे टाकणे. तसे केले की नाकपुडीतून ओघळणारे रक्त दिसेनासे होते, कारण ते घशात उतरू लागते. म्हणजे थांबल्याचा आभास हीच कृती निर्माण करते. मूल रक्त गिळत राहते, नंतर त्याला काळपट उलटी होते किंवा दुसऱ्या दिवशी काळी शी होते, आणि मग पोट बिघडल्याचे औषध सुरू होते. तान्ह्या मुलाच्या श्वासमार्गात रक्त जाण्याचा धोका वेगळाच. हिशोब मुलाच्या मापाने करावा लागतो. दहा किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून सुमारे आठशे मिलिलिटर रक्त असते. चहाचा एक कप भरून रक्त गेले तर जवळपास पाचवा हिस्सा गेला. एकदम न जाता महिनोन्‌महिने थोडे थोडे गेले तरी लोह संपते, मूल फिकट आणि मरगळलेले दिसू लागते. खरा उपाय याच्या अगदी उलट आहे आणि तो आपल्या शब्दातच दडलेला आहे. घोळणा म्हणजे नाकाच्या शेंड्याकडचा मऊ, मांसल भाग. तोच दाबायचा. मुलाला ताठ बसवावे, मान किंचित पुढे झुकवावी, दोन बोटांच्या चिमटीत नाकाचा मऊ भाग घट्ट धरावा, तोंडाने श्वास घ्यायला सांगावे, तोंडात आलेले रक्त थुंकू द्यावे आणि घड्याळ लावून सलग दहा मिनिटे बोट काढू नये. मध्येच उघडून बघणे म्हणजे अर्धवट बसलेला पेंढा उपसून काढणे. दहा मिनिटांनी थांबले नाही तर पुन्हा दहा मिनिटे दाबावे, पण ती दवाखान्याच्या वाटेवर. याला खर्च शून्य आहे. लागते ते फक्त घड्याळ आणि संयम.

आता जाणकारांचा आक्षेप. हिमोफिलिया हा सांध्यांचा आजार आहे, गुडघा, घोटा, कोपर यांत रक्त साचणे हे त्याचे खरे लक्षण. नाकातून रक्त येणे हे त्याचे ठळक लक्षण नाही, मग नाकावरून एवढा गाजावाजा कशाला? आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे. नाक, हिरड्या अशा ओलसर अस्तरांतून वारंवार रक्त येणे हे फॉन विलेब्रँड आजारात किंवा प्लेटलेटच्या दोषांत अधिक दिसते. पण त्यामुळे घड्याळाचा नियम पडतो कुठे? फॉन विलेब्रँड हा आनुवंशिक रक्तस्रावी आजारांत सर्वाधिक आढळणारा आजार, तो मुलींनाही होतो, आणि तोही याच ‘उष्णते’खाली दडपला जातो. नियम एक आहे, त्यात सापडणारे आजार अनेक आहेत. ही त्याची कमजोरी कशी म्हणायची? दुसरे असे की ठळक लक्षण नसणे आणि घातक नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नाकाच्या पडद्यातली कूर्चा याचे उत्तम उदाहरण आहे. या कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण तिच्यावरच्या पातळ आवरणातून होते. चालायला शिकणारे मूल उंबरठ्यावर तोंडघशी पडले आणि आवरण व कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचले, तर कूर्चेची उपासमार होते. काही दिवसांतच ती मरू लागते, साचलेल्या रक्तात पू होतो, नाकाचा मधला भाग खोगिरासारखा खचतो, आणि चेहऱ्याच्या त्या भागातल्या शिरा मेंदूच्या दिशेने जात असल्याने संसर्ग आत पसरण्याची भीती असते. कोणत्याही मुलाला हे होऊ शकते. हिमोफिलियाच्या मुलाला किरकोळ धक्क्यानेही होऊ शकते. आणि इथे बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही. ‘थांबलं ना?’ याचे उत्तर ठामपणे ‘हो’ असे येते. पडल्यानंतर दोन्ही नाकपुड्या चोंदल्या, आत जांभळट मऊ फुगवटा दिसला, मूल नाकाला हात लावू देईना, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेले पाहिजे. साचलेले रक्त काढावे लागते. मात्र मूल हिमोफिलियाचे असेल तर आधी फॅक्टर, मग सुरी.

यापुढचा युक्तिवाद सुशिक्षित घरांतून येतो : आम्ही रक्त तपासून घेतले, रिपोर्ट नॉर्मल आहे. कोणता रिपोर्ट, हे विचारले पाहिजे. गावाजवळच्या प्रयोगशाळेत होते ती सीबीसी. तिच्यात हिमोग्लोबिन कळते, पांढऱ्या पेशी कळतात, प्लेटलेटची संख्या कळते. हिमोफिलियात प्लेटलेट पुरेशा असतात, म्हणजे ही तपासणी नॉर्मल येणारच. पेंढा मोजून चिखल आहे की नाही ते कसे समजेल? फॅक्टरच्या साखळीचा अंदाज देणारी तपासणी निराळी आहे. तिला एपीटीटी म्हणतात. रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते ती मोजते. ती लांबलेली आणि पीटी नावाची जोडतपासणी नॉर्मल, असा जोड दिसला की आठव्या व नवव्या फॅक्टरची नेमकी पातळी मोजायची असते. सौम्य हिमोफिलियात आणि फॉन विलेब्रँड आजारात एपीटीटीही फसवी निघू शकते, म्हणून इतिहास भक्कम असेल तर तिथे थांबू नये. लक्षात घेण्यासारखे हे की प्रयोगशाळेतली ही तपासणीसुद्धा मुळात घड्याळच आहे. घरातल्या घड्याळाने शंका निर्माण करायची आणि प्रयोगशाळेतल्या घड्याळाने ती तपासायची, एवढाच हा मार्ग आहे.

मग सगळ्याच पोरांना सुया टोचायच्या का, घराघरांत भीती पसरवायची का, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. निम्म्याहून अधिक मुलांना जे होते त्यासाठी सर्वांची तपासणी करणे हा मूर्खपणा ठरेल. म्हणूनच गाळणी हवी, आणि ती चार प्रश्नांची आहे. नीट दाबूनही दहा मिनिटांत थांबले नाही का? थांबल्यावर काही तासांत पुन्हा सुरू झाले का? मूल दोन वर्षांखालचे आहे का? (या वयात नाकातून रक्त येणे मुळातच विरळा, त्यामुळे कारण शोधलेच पाहिजे.) आणि नाकाखेरीज इतरत्र काही दिसते का : रांगताना उठणारे मोठे काळेनिळे डाग, गाठाळ सूज, लस टोचल्यावर मांडीत आलेला गोळा, ओठाच्या आतली शीर फाटून दिवसभर झिरपणारे रक्त? चारही उत्तरे नकारार्थी असतील तर कांद्याचा वास घ्या किंवा नका घेऊ; फरक पडत नाही. एकही उत्तर होकारार्थी असेल तर तपासणी. यामुळे भीती वाढण्यापेक्षा कमीच होते, कारण ज्यांना घाबरण्याचे कारण नाही त्यांना ते आकड्यानिशी सांगता येते.

पाचवा प्रश्न मी मुद्दाम वेगळा ठेवला, कारण तिथे आपली कुटुंबरचना आड येते. ‘आमच्या घराण्यात असं कुणालाच नाही’ हे वाक्य ठासून सांगितले जाते, आणि घराणे म्हणजे बापाचे घराणे. पण हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडून. सात पिढ्यांची वडिलांकडची वंशावळ निर्दोष निघाली तरी तिचा इथे उपयोग शून्य. विचारायचे ते मामाबद्दल, आईच्या मामाबद्दल, मावशीच्या मुलांबद्दल : कुणाचा दात काढल्यावर रक्त थांबेना असे झाले होते का, कुणी लहानपणीच ‘रक्त जाऊन’ गेले का, कुणाचे गुडघे तरुणपणीच आखडले का? बारशाच्या सुमारास कान टोचल्यावर कुणाचे कान दोन दिवस ओले राहिले होते का? मूल जगत नाही म्हणून मुलाचे नाक टोचून नथू नाव ठेवण्याची जुनी रीत आपल्या समाजात होती; ज्या घरातले मुलगे रक्तस्रावाने जात असतील त्या घरात नेमक्या त्याच आजाराच्या मुलाचे नाक टोचणे याहून क्रूर योगायोग कोणता असेल? आणि मामाकडेही काही आढळले नाही म्हणून सुटका होत नाही. सुमारे एक तृतीयांश मुलांत हा दोष घरात पहिल्यांदाच, नव्याने उद्भवतो. आईला दोष देण्याचाही यात काही आधार नाही. उलट, वाहक स्त्रीचा स्वतःचा फॅक्टर कमी असू शकतो आणि दर महिन्याचा अति रक्तस्राव तिने ‘असंच असतं’ म्हणून सोसलेला असतो. मुलाच्या नाकाचा प्रश्न नीट विचारला तर आईचाही आजार उजेडात येतो.

घरच्यांना बोलून झाल्यावर दवाखान्यांना सोडून देणे अन्यायाचे होईल. तिथेही ‘थांबलं ना?’ चालते, फक्त साधने बदलतात. रक्त वाहते म्हणून नाकात पट्टी ठासून भरली जाते. बाहेरून थांबते; पण पट्टी घासून आतले नाजूक अस्तर सोलवटते आणि ती ओढून काढताना बूचही निघून येते. डाग द्यायचा तर एकाच वेळी पडद्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दिल्यास पडद्याला भोक पडू शकते. कमरेत ‘रक्त थांबायचे’ इंजेक्शन दिले जाते आणि हिमोफिलियाच्या मुलाच्या स्नायूत त्यामुळे नवा रक्ताचा गोळा तयार होतो. तापासाठी आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन दिले तर प्लेटलेटचे कामही बिघडते; म्हणजे उरलासुरला पेंढाही गेला. अशा मुलाला पॅरासिटामॉल चालते. निदान झालेल्या मुलाच्या नाकासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत : आधी दाबणे, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने ट्रानेक्सॅमिक ॲसिड, ते पोटातून देता येते किंवा त्यात भिजवलेला बोळा नाकात ठेवता येतो; आणि रक्त जुमानत नसेल, वारंवार येत असेल किंवा पट्टी, डाग, ॲडेनॉइडची शस्त्रक्रिया असे काही करायचे असेल तर फॅक्टर. ट्रानेक्सॅमिक ॲसिड काही नवलाईचे औषध नाही. जपानमधल्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शोधले आणि आज ते स्वस्तात सर्वत्र मिळते. त्याचबरोबर सर्दी, ॲलर्जी, नाकातली खपली यांवर उपचार, रात्री नाकात साधे मलम, नखे कापणे, हेही उपचारच आहेत.

परंपरेच्या बाजूने बोलणारे म्हणतील, हजारो वर्षांचे शहाणपण तुम्ही एका घड्याळासाठी मोडीत काढता. त्यांनी स्वतःची परंपरा तरी नीट वाचावी. आयुर्वेदात नाका-तोंडावाटे होणाऱ्या रक्तस्रावाला रक्तपित्त हे नाव आहे, त्याचे ऊर्ध्वग आणि अधोग असे भेद आहेत, आणि कोणता साध्य, कोणता याप्य, कोणता असाध्य याचा विचार आहे. म्हणजे जुन्या वैद्यांनी या लक्षणाकडे रोग म्हणून पाहिले, त्याचे प्रकार पाडले आणि सगळ्यांना एकच भविष्य सांगितले नाही. ‘उष्णता झाली’ हे त्या विचाराचे सार म्हणता येणार नाही. तो विचार आळसाने गिळून उरलेला चोथा आहे. ज्यांनी भेद करायला शिकवले त्यांच्या नावावर भेद न करण्याचे समर्थन खपवणे हा परंपरेचाच अपमान आहे.

शेवटचा आणि सर्वांत चिवट आक्षेप : आजार इतका दुर्मिळ की खेड्याने त्याची काळजी करायची कशाला? हिशोब करू. अनेक देशांच्या रुग्णनोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दर एक लाख पुरुषांमागे ए प्रकाराचे सुमारे १७ आणि बी प्रकाराचे सुमारे ४ जण असतात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास ४८ लाख होती, त्यांतले निम्मे पुरुष. या प्रमाणात एकट्या जिल्ह्यात पाचशेच्या आसपास माणसे निघायला हवीत. ही मोजणी नाही, अपेक्षा आहे. जिथे निदान होत नाही तिथे ही अपेक्षा मृत्यूंनीही खाली येते, आणि मग ‘आमच्याकडे असे रुग्णच नाहीत’ असे म्हणायला आपण मोकळे. कायद्यापुरते पाहिले तर हिमोफिलिया अनोळखी राहिलेला नाही : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याचा समावेश आहे. कर्नाटकात दावणगेरेची हिमोफिलिया सोसायटी आहे, जिच्या उभारणीत स्वतः हिमोफिलिया घेऊन जगणारे डॉ. सुरेश हनगवाडी यांचा मोठा वाटा आहे. सरकारी रुग्णालयांतून फॅक्टर मोफत देण्याची व्यवस्था कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांनी स्वीकारलेली आहे. अडते ते पहिल्या पायरीवर, जिथे घरचा कुणीतरी घड्याळ पाहणार असतो.

सीमाभागात ही पहिली पायरी जरा जास्त उंच आहे. येळ्ळूरला बेळगाव शहर हाकेच्या अंतरावर आहे, मोठी रुग्णालये जवळ आहेत. निपाणीच्या मुलाला मात्र आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा कोल्हापूर जवळ पडते. त्याचे नाक राज्याची हद्द ओळखत नाही. पण नोंदवही, ओळखपत्र आणि मोफत फॅक्टर ओळखतात. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली जन आरोग्य योजना देऊ केली, कर्नाटकाने विरोध केला, आणि चर्चा योजनेच्या हद्दीवर थांबली. दोन्ही बाजूंना सोडवता येईल असा एक छोटा भाग त्यात होता : हिमोफिलियाच्या मुलाचे ओळखपत्र, ज्यावर फॅक्टरची पातळी, रक्तगट आणि ‘स्नायूत इंजेक्शन देऊ नये’ हे कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असेल आणि जे दोन्ही राज्यांत मान्य असेल. यात कुणाची एक इंचही जमीन जात नाही. भाषेचा मुद्दा इथे अस्मितेचा म्हणून मांडत नाही. रात्री दोन वाजता रक्त वाहत असताना आईला जी सूचना वाचायची आहे ती तिला वाचता येणाऱ्या लिपीत नसेल तर ती सूचना नाहीच. २०१४ च्या जुलैमध्ये ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक हटवला गेला आणि त्यावरून गावाने लाठ्या खाल्ल्या. एका फलकाची किंमत येळ्ळूरइतकी कोणत्या गावाला ठाऊक असेल? त्या गावाने अंगणवाडीच्या भिंतीवर आणखी एका फलकाचा आग्रह धरावा. त्यावर फार लिहायचे नाही : मान पुढे, मऊ नाक चिमटीत, दहा मिनिटे, आणि खाली ते चार प्रश्न व मामाची चौकशी.

यावर कुणी म्हणेल की फलकाने आजार बरा होत नाही. बरोबर आहे, हिमोफिलिया आयुष्यभर सोबत राहतो आणि त्याचा खर्च, त्याच्या सुया, त्याची काळजी कुठल्याही भिंतीवरच्या चार ओळींनी हलकी होत नाही. पण वेळेवर ओळखलेल्या मुलाला नियमित फॅक्टर किंवा ए प्रकारात त्वचेखाली देता येणारी नवी औषधे मिळू शकतात, त्याचे सांधे वाचू शकतात, त्याच्या नाकाला सुरी लागण्यापूर्वी कुणीतरी थांबून विचार करू शकतो. न ओळखलेल्या मुलाच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. त्याला प्रत्येक वेळी कांदा मिळतो आणि प्रत्येक वेळी तो लागू पडल्यासारखा दिसतो. कांदा घरात राहू द्या, तो भाकरीबरोबर चांगला लागतो. नाकातून रक्त येईल तेव्हा मात्र हात आधी घोळण्याकडे जावा आणि नजर घड्याळाकडे. दहा मिनिटांनी कुणी ‘थांबलं ना?’ असे विचारलेच, तर ‘हो’ म्हणण्याआधी वेळ सांगावी. आणि रात्री झोपण्यापूर्वी उशीचा अभ्रा एकदा पाहून ठेवावा, म्हणजे सकाळी तो काय म्हणतो ते कळेल.